उभ्याउभ्या हजेरी

पुण्याजवळ हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात सकाळी साडेदहाचा स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची उभ्याने घ्यायची छोटी बैठक. नावाला पंधरा मिनिटांची, चालते पाऊण तास. मॅनेजर एक्सेल उघडून बसलेला, बाकी सगळे उभे. काल काय केलं ते जो तो मॅनेजरकडे बघून सांगतो, शेजारच्याला सांगण्याची पद्धतच नाही. अशी हजेरी मी बरीच वर्षं दिली आहे.

तिचं मूळ 1990 च्या दशकात आहे. सरकारच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेत पुणे पहिल्या तीन केंद्रांत होतं. परदेशातल्या, कधी न भेटलेल्या ग्राहकाला भरवसा द्यायचा, तर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेचं सीएमएम, म्हणजे कंपनीच्या कामाची शिस्त जोखायची मोजपट्टी, हाताशी होतं: पाच पातळ्या, पायरीपायरीला कागद, सही, ऑडिट. त्याने कामं मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. बिल तासांवर, म्हणून टाइमशीट आली. आणि हे सगळं वर कळवणाऱ्यांची एक अख्खी फळी तयार झाली.

(एक टप्पा पुरा झाल्यावरच पुढचा, या तेव्हाच्या वॉटरफॉल पद्धतीचं खापर ज्यांच्या डोक्यावर फोडतात त्या सॉफ्टवेअरतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी 1970 च्या लेखातच ती सरळसोट पद्धत धोक्याची म्हटली होती. तेवढंच वाचायचं राहिलं असावं.)

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत युटातल्या स्नोबर्डला सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि अ‍ॅजाइलचा, म्हणजे थोडंथोडं करून दाखवत, बदल स्वीकारत काम करण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला गेला. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोठा, ही त्यातली पहिली ओळ. त्या सतरांतल्याच श्वेबर आणि सदरलँड यांनी 1995 मध्ये मांडलेला स्क्रम त्याआधीचा: स्प्रिंट नावाच्या छोट्या, ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत काम करायची चौकट. आज स्क्रममध्ये तीनच भूमिका आहेत: प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर. प्रोजेक्ट मॅनेजर त्यात नाही. घोडं अडलं ते इथेच. ग्राहक अ‍ॅजाइल मागू लागले, पण इथे बढती ठरायची हाताखाली किती माणसं यावर. मग दोन दिवसांचा कोर्स, सर्टिफिकेट, आणि तेच साहेब स्क्रम मास्टर.

स्टोरी पॉइंट म्हणजे एखादं काम केवढं मोठं, याचा टीमने आकड्यात केलेला आपापसातला अंदाज. तो वरच्या रिपोर्टात गेला आणि टार्गेट झाला. ‘गेल्या स्प्रिंटला 34 झाले, यंदा 40 करा.’ आम्ही केले. तीनच्या कामाला पाच म्हटलं, झाले 40. काम तेवढंच. त्या सतरांतलेच रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिलं, की स्टोरी पॉइंट बहुधा आपणच काढले, आणि तसं असेल तर आता खेद वाटतो.

आमच्या रेट्रोच्या, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते ठरवायच्या बैठकीच्या, शीटवर ‘स्टँड-अप लांबतो’ हा मुद्दा सलग तीन स्प्रिंट होता. जबाबदार व्यक्ती: मॅनेजर. स्थिती: चालू आहे.