उपाय सुचवणारा निबंध : तपासायला देण्यापूर्वी हे वाचा

राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि निबंधाचा पेपर २५० गुणांचा आहे. आमच्याकडे येणाऱ्या निबंधांत समस्या बहुतेक वेळा छान मांडलेली असते. उपायांपाशी आले की मात्र हात सैल पडतो. ‘शासनाने ठोस पावले उचलली पाहिजेत, जनजागृती व्हायला हवी.’ हे वाक्य दुष्काळाला चालते, बेरोजगारीला चालते आणि प्लास्टिकलाही चालते. कुठेही चालणाऱ्या वाक्याला गुण कशाचे द्यायचे?

आमचा आग्रह एकच आहे : उपाय कारणातून निघाला पाहिजे.

कारणे आधी सुटी करा

विषय मराठवाड्यातील पाणीटंचाईचा आहे असे धरा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचले. हा प्रसंग प्रस्तावनेत जरूर घ्या, पण रेल्वे ही त्या वेळची निकड होती. ती उपाय म्हणून मांडू नका. लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण कोरडे का पडले, ते शोधा. लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला. जमिनीखालच्या काळ्या कातळात पाणी फारसे साठत नाही. आणि याच पट्ट्यात ऊस वाढत गेला. पावसावर आपला ताबा नाही, तिथे धरणातले पिण्याचे पाणी आधी राखून ठेवण्याचा नियम सुचवता येईल. कातळासाठी पाणलोटाची कामे आणि विंधन विहिरींवर मर्यादा. खरी कसोटी उसापाशी लागते.

‘उसावर बंदी घाला’ असे लिहून सुटका नाही

शेतकरी ऊस का लावतो? उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर आहे आणि ऊस गाळपाला गेल्यावर १४ दिवसांत कारखान्याने पैसे द्यावेत, असा कायदा आहे. पैसे रखडतात, आंदोलने होतात, तरी हक्क कागदावर पक्का आहे. तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात व्यापारी त्याच भावाने घेईल याची हमी नाही. मग शेतकरी ऊस कशासाठी सोडेल? हे समजून घेतलेल्या विद्यार्थ्याचे वाक्य असे येते :

‘मांजरा खोऱ्यात ठिबक नसलेल्या नव्या उसाला जलसंपदा विभागाने धरणाचे पाणी देऊ नये, त्याच वेळी पणन विभागाने तूर व हरभऱ्याची हमीभाव खरेदी केंद्रे माल बाजारात येण्याआधी सुरू करावीत.’

कोणी करायचे, कुठे, केव्हा, सगळे यात आले. शेतकऱ्याकडून एक गोष्ट काढून घेताना त्याच्या हातात दुसरी ठेवली आहे. असे तीन उपाय दहा ढोबळ उपायांना भारी पडतात.

आक्षेप तुम्हीच मांडा

ठिबकचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपेल का? खरेदी केंद्रांना पैसा कुठून येणार? वाचणाऱ्याच्या मनात हे येणारच. त्याआधी तुम्ही लिहा आणि उत्तर द्या. पूर्ण उत्तर नसेल तर उपायाची मर्यादा सांगा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा दाखला बहुतेक जण देतात आणि तो चांगलाच आहे : गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, त्यावरून पिके ठरवते, शेतीसाठी विंधन विहीर घेऊ देत नाही. पण ते एक लहान गाव आहे, ग्रामसभेत सगळे समोरासमोर बसतात. अख्ख्या खोऱ्यात तेवढे एकमत आपोआप होणार नाही. हे एक वाक्य जोडलेत की दाखल्याला वजन येते.

सुविचाराने सुरुवात आणि घोषणेने शेवट, दोन्ही टाळा.

आमच्याकडे देताना

निबंध हाताने, पानाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहा. रूपरेषेचे कच्चे पान न चुकता जोडा. कारण आणि उपाय यांची ताटातूट बहुधा तिथेच झालेली दिसते. तपासताना आम्ही प्रत्येक उपायाशेजारी तो कोणत्या कारणाचा आहे ते लिहितो. ज्याला कारण सापडत नाही, त्याभोवती लाल गोल येतो. निबंध लिहून देण्याचे काम आम्ही घेत नाही, कृपया तशी विचारणा करू नये. गोल पडलेला भाग पुन्हा लिहून आणलात तर तो वेगळे पैसे न घेता तपासून देऊ.