पाडलेली वस्ती आणि महागलेली वस्ती

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीलगतच्या वस्त्यांमधून कामगारांची बिऱ्हाडं हलताहेत असं म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: "तिथं महापालिकेनं वीटसुद्धा काढली नाही, मग विस्थापन कसलं?" आणि रस्ता रुंदीकरणात घरं गेली की हीच मंडळी त्याला जेंट्रिफिकेशन, म्हणजे वस्ती महागून गरीब बाहेर ढकलले जाणं, म्हणून मोकळी होतात. दोन्ही वेळा चूक.

पाडापाडी आपल्याला नवी नाही. छत्रपती संभाजीनगरात 2025 मध्ये जालना रोड, पैठण रोडवर जेसीबी फिरले तेव्हा सगळ्या शहरानं पाहिलं. मार्किंग होतं, नोटीस येते किंवा यायला हवी, हायकोर्टाच्या खंडपीठात जाता येतं. झोपडपट्टी घोषित असेल तर 1971 चा झोपडपट्टी कायदा आहे, पात्र-अपात्रतेची यादी लागते. मोबदला मिळो न मिळो, भांडायला समोर एक कार्यालय असतं.

महागलेल्या वस्तीत हुकूम कुणीच काढत नाही. एमआयडीसीत कारखान्यांच्या जोडीला आयटी कंपन्या, शोरूम आले, 2010 मध्ये मोठा मॉल आला. तिथं नोकरीला लागलेल्या तरुणांना जवळ राहायला जागा हवी. मुकुंदवाडीसारख्या भागात एका रांगेत आठ-दहा खोल्या, टोकाला सामाईक संडास, एक बोअर, प्रत्येक दाराशी सबमीटर, अशी चाळ असते. समजा, एका खोलीत एक कुटुंब तीन हजार भाडं देतं. त्याच खोलीत तीन कॉट टाकून दर कॉटला दोन हजार घेतले की सहा हजार होतात. मालक गोडीत सांगतो, "भाऊ, दिवाळीनंतर खोली बघा." भाऊ शेंद्र्याकडे नाहीतर आणखी लांब सरकतो. खोलीला रंग लागतो, वायफाय येतो. बाहेरून बघणाऱ्याला वस्ती सुधारलेली दिसते.

खरी गफलत इथंच होते. लोक विचारतात, यात गरिबाचा फायदा झाला की तोटा? प्रश्नच चुकीचा आहे. घर कुणाच्या नावावर आहे ते विचारा. खोल्यांचा मालक कित्येकदा स्वतः कंपनीतून निवृत्त झालेला कामगार असतो. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेला. 2001 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करून घ्यायची सोय झाली. कागद हाती आला की कर्जाची वाट मोकळी होते, वर मजला चढवता येतो. त्याच्या घराचा भाव वाढला याचा मला आनंदच आहे. पण त्याच भिंतीपलीकडच्या भाडेकरूला तोच भाव बाहेर काढतो. पाडापाडीत मालक आणि भाडेकरू दोघंही रस्त्यावर येतात, म्हणून दोघं मिळून मोर्चा काढतात. इथं त्यांचं हितच फाटतं, म्हणून मोर्चा निघत नाही. निघाला नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं आपण धरून चालतो.

मुंबईतल्या गिरणगावचे दाखले इथं जसेच्या तसे चिकटवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तिथल्या चाळकऱ्याला जुन्या भाडे कायद्याचं संरक्षण होतं. त्याला उठवायचं तर पैसे किंवा पर्यायी घर द्यावं लागायचं. आपल्याकडच्या भाडेकरूकडे फार तर अकरा महिन्यांचा करार, बहुतेकदा तोही नाही. वीजबिल मालकाच्या नावाचं, रेशनकार्ड गावाकडचं. तो गेला याची नोंदच कुठं होत नाही.

करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. यानं भाडं कमी होणार नाही, मुदत संपल्यावर खोलीही राहणार नाही. पण दिवाळीत निघायचं की मुलांच्या परीक्षा झाल्यावर, एवढं तरी मांडून भांडता येतं. आणि 'बाधित किती' याचं सर्वेक्षण करणाऱ्यांनी पडलेली घरं मोजून थांबू नये. प्रत्येक दारात विचारावं, तुमच्याआधी इथं कोण राहत होतं आणि ते कुठं गेले.