विषाणू घामावाटे निघत नाही

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की आमच्या पळणाऱ्यांच्या गटात कुणीतरी तापाने आडवं होतंच. मग ठरलेला सल्ला येतो, "पाच किलोमीटर पळून ये, घाम गळला की मोकळा होशील." यंदा आडवा मी होतो आणि सल्ला तोच होता. जोडीला काढ्याच्या तीन कृती.

घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. तो आला की अंग थोडं गार होतं, पण पेशीत शिरून बसलेल्या विषाणूचं काही बिघडत नाही. उलट बिघडतं ते आपलं. 1970 मध्ये संशोधकांनी उंदरांना कॉक्सॅकी बी-3 विषाणू टोचला आणि काहींना रोज पोहायला लावलं. पोहणाऱ्यांच्या हृदयात विषाणूची संख्या बसून राहिलेल्यांच्या शेकडो पट निघाली.

हा कॉक्सॅकी मोठा बेरकी. हृदयाच्या स्नायुपेशी टोकाला टोक लावून जोडलेल्या असतात. त्या सांध्यावरचंच एक प्रथिन तो दार म्हणून वापरतो. आत गेल्यावर त्याची सगळी प्रथिनं एका लांब माळेत तयार होतात आणि ती माळ तोडायला त्याच्याकडे स्वतःची कात्री असते, '2ए' नावाचं विकर (एन्झाइम). ही कात्री माळेवर थांबत नाही, पेशीतलं डिस्ट्रोफिनही कापते. डिस्ट्रोफिन म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्याला बाहेरच्या पटलाशी बांधणारा दोर. ड्युशेन या आनुवंशिक स्नायुविकारात नसतं ते हेच. दोर तुटला की प्रत्येक आकुंचनाला पटलावर ताण येतो आणि ते फाटू लागतं. हृदय विश्रांतीतही दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावतं. त्यात आपण चढावर पळायला निघायचं! पुढे प्रतिकारपेशी येऊन बाधित स्नायू मारतात, तिथे व्रण उरतो. व्रणातून ठोके चालवणारी वीज वाहत नाही. ती वळसा घालून मागे येते, त्याच जागेला पुन्हा चेतवते आणि हे चक्र फिरत राहिलं तर ठोक्यांची लय कोसळते.

प्रत्येक विषाणू असं करत नाही, आणि हृदयस्नायूचा दाह तसा क्वचितच होतो. पण तंदुरुस्ती हे त्यावर कवच नव्हे. बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस याला हा दाह झाल्याचं जानेवारी 2022 मध्ये कोविडनंतरच्या तपासणीत सापडलं. दाह सौम्य होता, तरी एप्रिलपर्यंत मैदानाबाहेर. नोव्हेंबरात त्यानेच पुरुषांच्या विश्वचषकातला कॅनडाचा पहिला गोल केला.

नुसतं नाक वाहत असेल तर हलका व्यायाम चालतो. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर अजिबात नाही. पॅरासिटॅमॉल न घेता ताप गेलेला असावा, जिना चढून धाप लागू नये, मग आधी चालणं, आणि काही दिवसांनी पळणं. छातीत दुखलं, धडधडलं, भोवळ आली तर सरळ डॉक्टर: ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयस्नायूची इजा दाखवणारी रक्तचाचणी), इको (हृदयाची सोनोग्राफी). दाह निघाला तर साधारण तीन ते सहा महिने खेळ बंद. डेंग्यूत रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट सावरेपर्यंत कबड्डीसारखे मार लागणारे खेळ विसरा.

मनगटावरच्या घड्याळाने दुसऱ्याच दिवशी मला 'तयार' ठरवलं होतं. मी नाडीवर बोटं ठेवली. एरवी सकाळी 58 असते, ती चौथ्या दिवशीही 71 होती. परवा 60 लागली. तेव्हा खाली उतरून सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या, चालत.