गाडी बदलून जाताना दोन पीएनआर जोडून घ्या: पात्रता, कागदपत्रं आणि परताव्याची मुदत

थेट गाडी नसली की मधल्या जंक्शनवर उतरून दुसरी गाडी धरावी लागते. बहुतेक जण त्यासाठी दोन सुटी तिकिटं काढतात. पहिली गाडी रखडली आणि दुसरी निघून गेली, तर त्या दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात. रेल्वेच्या लेखी तुम्ही गाडीवर आलाच नाहीत. का आला नाहीत, हे त्या तिकिटाला माहीत नसतं. ते माहीत करून देण्याची सोय 1 एप्रिल 2019 पासून आहे: दोन्ही तिकिटांचे पीएनआर एकमेकांशी जोडायचे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचं भाडं रद्दीकरणाची कपात न होता परत मिळतं. जोडणीला वेगळं शुल्क नाही आणि ही सोय सर्व वर्गांना आहे.

मात्र जोडणीमुळे फक्त पैसे वाचतात, प्रवास वाचत नाही. दुसरी गाडी तुमच्यासाठी थांबत नाही आणि मागून येणाऱ्या गाडीत आपोआप जागाही मिळत नाही. पहिली गाडी वेळेवर आली आणि तुम्ही प्लॅटफॉर्म शोधण्यात दहा मिनिटं घालवलीत, तर परतावाही नाही. म्हणून अनोळखी स्टेशनवर अर्ध्या तासात गाडी बदलायची असेल, तर तिकिटाइतकीच त्या स्टेशनची तयारीही करून ठेवावी लागते. त्याबद्दल पुढे आहेच.

कोणाला मिळते

पहिली अट स्टेशनची. पहिली गाडी जिथे सोडायची आणि दुसरी जिथे धरायची, ते स्टेशन एकच असावं लागतं. मुंबईत नेमकी इथेच फसगत होते. लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पुढची गाडी धरायची असेल, तर शहर एक असलं तरी स्टेशनं दोन आहेत. तीच गोष्ट पुणे आणि हडपसरची, नागपूर आणि अजनीची, सिकंदराबाद आणि काचीगुडाची. दौंडला तर नावंही जवळपास सारखी आहेत. मनमाडकडून पुण्याकडे जाणाऱ्या काही गाड्या दौंड जंक्शनला न जाता दौंड कॉर्ड लाईन या वेगळ्या स्टेशनावर थांबतात. सोलापूरकडे जाणारी गाडी जंक्शनवर आणि तुम्ही कॉर्ड लाईनवर, असं झालं तर रिक्षा शोधण्यात वेळ जातो. तिकीट काढताना गावाचं नाव पाहू नका, स्टेशनचा कोड पाहा. मुंबईत गाडी बदलायची असेल, तर आधी दोन्ही गाड्या थांबतात असं कल्याण, ठाणे, दादर किंवा पनवेल यांपैकी एखादं स्टेशन सापडतंय का ते बघा.

दुसरी अट प्रवाशांची. दोन्ही तिकिटांवर माणसं तीच हवीत आणि नाव, वय, लिंग हा तपशीलही तोच हवा. एकावर आडनावासकट पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसतं नाव, किंवा एकीकडे वय 59 आणि दुसरीकडे 60, असं झालं की जोडणी अडते. चौघांचं पहिलं तिकीट एकत्र काढून पुढची दोन-दोन जणांची वेगळी काढू नका. आयआरसीटीसीच्या खात्यात प्रवाशांची यादी साठवून ठेवता येते. दोन्ही वेळा नावं तिथूनच उचलली की स्पेलिंगचा घोळ होत नाही.

तिसरी गोष्ट अटींच्या यादीत ठळकपणे दिसत नाही, पण पैसे तीमुळेच अडकतात. पहिला प्रवास प्रत्यक्ष झालेला असायला हवा. पहिलं ई-तिकीट चार्ट लागेपर्यंत सगळ्यांसाठी वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. मग तुम्ही पहिल्या गाडीत बसलाच नाहीत, म्हणजे ती उशिरा येण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढचं तिकीट तुम्हालाच वेळेत रद्द करावं लागतं, तेही नेहमीची कपात सोसून. पहिल्या टप्प्याचं वेटिंग लांबलचक असेल, तर पुढच्या तिकिटावर डोळा ठेवा.

तिकीट काढण्याची रीत

ऑनलाईन काढत असाल तर आधी पहिल्या गाडीचं तिकीट नेहमीसारखं काढा. मग आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर ट्रेनच्या मेनूत ‘कनेक्टिंग जर्नी बुकिंग’ हा पर्याय उघडून पहिल्या तिकिटाचा पीएनआर द्या आणि दुसरं तिकीट तिथूनच काढा. दोन्ही सुटी काढून नंतर बघू, असं ठेवू नका. ते नंतरचं राहूनच जातं. दुसरं तिकीट हाती आल्यावर त्यावर जोडणीचा उल्लेख आलाय का, हे तेव्हाच तपासा.

खिडकीवर काढत असाल तर आरक्षणाच्या फॉर्मवर पुढच्या किंवा परतीच्या प्रवासासाठी वेगळी जागा असते, तिथे दुसऱ्या गाडीचा तपशील लिहा. पहिलं तिकीट आधीच काढलेलं असेल तर ते दाखवा आणि ‘हा पीएनआर जोडून द्या’ असं स्पष्ट सांगा. क्लार्क स्वतःहून विचारेलच असं नाही. मोबाईल क्रमांक लिहायला विसरू नका, गाडी रद्द झाली किंवा वेळ बदलली तर संदेश त्यावरच येतो. दोन्ही तिकिटं शक्यतो एकाच पद्धतीने काढा. एक कागदी आणि एक ई-तिकीट असलं की परताव्याच्या वेळी दोन वेगळ्या वाटांनी धावावं लागतं.

जोडलेल्या तिकिटांचं भाडं दोन स्वतंत्र प्रवासांचं धरलं जातं. लांब अंतराला किलोमीटरमागे दर उतरत जातो, तो फायदा इथे मिळत नाही. तो हवा असेल तर खिडकीवर संपूर्ण प्रवासाचं एकच थेट तिकीट मागता येतं का ते विचारा. थेट तिकिटावर गाडी चुकली तरी न केलेल्या प्रवासाचं भाडं परत मिळण्याचा नियम आहेच.

तारखेची चूक फार होते. पहिली गाडी 10 तारखेला संध्याकाळी निघून रात्री 12.10 ला जंक्शनवर पोचते आणि पुढची 12.50 ला आहे, असं समजा. पुढचं तिकीट 11 तारखेचं हवं. सवयीने 10 चं काढलं तर ती गाडी तुम्ही पोचण्याआधीच जवळजवळ एक दिवस निघून गेलेली असते.

कागदपत्रं

ई-तिकिटावर प्रवास करणाऱ्यांपैकी किमान एकाकडे मूळ ओळखपत्र हवं: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, शाळा-कॉलेजचं फोटो ओळखपत्र किंवा राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो असलेलं पासबुक. डिजिलॉकरमधलं आधार किंवा वाहन परवाना चालतो, पण फोनमध्ये काढून ठेवलेला नुसता फोटो चालत नाही. ई-तिकिटाची छापील प्रत लागत नाही, संदेश पुरतो. खिडकीवरच्या तिकिटाचं तसं नाही. तो कागदच तिकीट असतो आणि परतावाही तो परत केल्याशिवाय मिळत नाही. दोन्ही पीएनआर आणि दोन्ही गाड्यांचे पाच आकडी क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. बॅटरी नेमकी जंक्शनवरच संपते.

किती वेळ ठेवावा

500 किलोमीटरहून लांबून येणाऱ्या गाडीच्या मागे दोन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये, असं आमचं मत. पुढची गाडी दिवसातली शेवटची असेल तर त्याहून जास्त. गाडी कुठे बदलता यावरही बरंच अवलंबून असतं. गाडीच्या शेवटच्या स्टेशनाआधी वेळापत्रकात राखीव मिनिटं घातलेली असतात, त्यामुळे वाटेत अर्धा तास मागे पडलेली गाडी शेवटी वेळेच्या जवळ येऊ शकते. मधल्या जंक्शनवर उतरणाऱ्याला ती मिनिटं मिळत नाहीत.

कोकण रेल्वेच्या गाडीने येऊन पनवेलला किंवा मडगावला पुढची गाडी धरणाऱ्यांनी पावसाळी वेळापत्रक आधी बघावं. पूर्वी ते साधारण 10 जून ते 31 ऑक्टोबर असं असे. 2025 मध्ये ते 15 जून ते 20 ऑक्टोबर होतं. या काळात गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात. मे महिन्यात आरामात जमलेली गाडी जुलैत जमेलच असं नाही.

अनोळखी स्टेशनवर

उतरण्याआधी तासभर एनटीईएस (गाड्यांच्या प्रत्यक्ष वेळा दाखवणारं रेल्वेचं अॅप) उघडा. ‘लाईव्ह स्टेशन’मध्ये जंक्शनचं नाव टाकलं की पुढच्या दोन, चार किंवा आठ तासांतल्या गाड्या, त्यांच्या अपेक्षित वेळा आणि प्लॅटफॉर्म दिसतात. प्लॅटफॉर्म आयत्या वेळी बदलू शकतो, म्हणून उतरल्यावर फलक पुन्हा पाहा आणि घोषणा ऐका. नावावर जाऊ नका, क्रमांकावर जा. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीचं नाव एकच असतं, क्रमांक एकाने वेगळा असतो. महाराष्ट्राबाहेर घोषणेतली भाषा कळली नाही तरी आकडे पकडता येतात.

जुन्या माणसांनी सांगितलेले प्लॅटफॉर्म क्रमांकही पडताळून घ्या. दादरला 9 डिसेंबर 2023 पासून पश्चिम आणि मध्य रेल्वेचे मिळून सलग क्रमांक आहेत: पश्चिमेचे 1 ते 7, मध्यचे 8 ते 14. त्याआधी दोन्हीकडे 1 पासून सुरुवात होत असे आणि सांगणाऱ्याच्या डोक्यात अजून तेच असू शकतं. सीएसएमटीला 1 ते 7 लोकलचे, लांब पल्ल्याच्या गाड्या 8 ते 18 वर.

चोवीस डब्यांची गाडी अर्धा किलोमीटरहून लांब असते. तुमचा डबा एका टोकाला आणि पादचारी पूल दुसऱ्या टोकाला असेल, तर सामानासकट सात-आठ मिनिटं तिथेच जातात. वेळ फार कमी असेल तर सामान घेऊन आधीच डब्याडब्यांतून पुलाच्या बाजूला सरका. पूल कुठे येतो ते टीसीला किंवा पँट्रीच्या माणसाला विचारा, त्यांना पाठ असतं. दौंड जंक्शनसारख्या ठिकाणी काही गाड्यांचं इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि पुढचे डबे मागे होतात. त्यामुळे सुरुवातीच्या स्टेशनावर पाहिलेला डब्यांचा क्रम पुढे तसाच राहील असं धरू नका. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जिवाचा धोका वेगळाच. पुढची गाडी वंदे भारत असेल तर तिचे दरवाजे सुटण्याआधीच बंद होतात, धावत जाऊन चढण्याचा प्रश्नच येत नाही.

गाडी चुकतेय असं दिसलं तर टीसीला सांगा, 139 वर फोन करा. गाडी थांबवायची की नाही हे नियंत्रण कक्ष ठरवतो. एका-दोघांसाठी ती थांबेल अशी आशा ठेवू नका.

गाडी चुकल्यावर

घड्याळ पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून लागतं, दुसरी सुटल्यापासून नाही. मुदत तीन तासांची. समजा पहिली गाडी 12.30 ऐवजी 2.20 ला आली आणि पुढची 2 ला निघून गेलेली आहे. तुमच्या हातात 5.20 पर्यंतचा वेळ आहे. जेवून, लॉजवर सामान टाकून, संध्याकाळी निवांत बघू म्हणणाऱ्यांचे पैसे इथे जातात.

त्याआधी एक गोष्ट तपासा: दुसरी गाडी खरंच गेली का? तीही उशिरा धावत असेल तर ती अजून मिळू शकते. ती तुमच्या स्टेशनावर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर तो वेगळा नियम आहे. त्यात पूर्ण परतावा मिळतो, पण टीडीआर, म्हणजे परताव्याचा दावा, ती गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरावा लागतो. त्यासाठी पीएनआर जोडलेले असण्याची गरज नाही. कारण निवडताना या दोन्हींची गल्लत करू नका.

ई-तिकीट असेल तर आयआरसीटीसीच्या खात्यातून दुसऱ्या पीएनआरचा टीडीआर भरा आणि कारण म्हणून पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची गाडी चुकल्याचा पर्याय निवडा. ‘प्रवास केला नाही’ असं मोघम कारण दिलं की दावा कमकुवत होतो. पहिल्या गाडीची पोचण्याची वेळ दाखवणारा एनटीईएसचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. खिडकीचं तिकीट असेल तर त्याच जंक्शनच्या आरक्षण खिडकीवर तीन तासांत ते परत करा. खिडकी बंद असेल किंवा परतावा द्यायला नकार मिळाला, तर स्टेशन मास्तरांकडून टीडीआरची पावती घ्या आणि त्या विभागाच्या मुख्य वाणिज्य व्यवस्थापकांच्या परतावा शाखेकडे लगेच अर्ज करा. पावती न घेता स्टेशन सोडू नका, नंतर हातात दाखवायला काहीच उरत नाही.

चुकलेल्या गाडीचं तिकीट घेऊन मागच्या गाडीच्या आरक्षित डब्यात चढू नका. ते तिकीट त्याच गाडीपुरतं असतं आणि टीसी तुम्हाला विनातिकीट धरून दंड लावू शकतो. पुढे जायचंच असेल तर नवं तिकीट काढा. त्याचे पैसे रेल्वे देत नाही, परतावा फक्त न वापरलेल्या तिकिटाचा असतो. ई-तिकिटावर आयआरसीटीसीने घेतलेलं सुविधा शुल्कही परत येत नाही.

टीडीआरचा निर्णय आयआरसीटीसी घेत नाही, संबंधित विभागीय रेल्वे गाडीच्या नोंदी तपासून घेते. त्याला दोन महिने किंवा त्याहून जास्त लागू शकतात. पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात जमा होतात. एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर ते त्याच्या खात्यात येतात, म्हणून टीडीआरचा क्रमांक त्याच्याकडून लिहून घ्या.