जेनिफर केंडल : फिरत्या नाटक मंडळीतून जुहूच्या पृथ्वीपर्यंत

जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये ५ नोव्हेंबर १९७८ रोजी पहिला प्रयोग झाला तो गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मूळ मराठी नाटकाचा. प्रयोग हिंदीत होता आणि त्यात नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि बेंजामिन गिलानी होते. नाट्यगृहाला नाव सासऱ्यांचे, पैसा मुख्यतः पतीच्या हिंदी सिनेमातल्या कमाईचा, पण ते उभे राहावे आणि रोज चालावे यासाठीची खटपट जेनिफर केंडल या इंग्रज अभिनेत्रीची होती. त्यांच्या चित्रपटांची यादी काढली तर ती एका हाताच्या बोटांवर जेमतेम सामावणार नाही इतकीच भरते. ती इतकी लहान का राहिली आणि तरीही तिला वजन का आहे, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या आईवडिलांच्या नाटक मंडळीपासून सुरुवात करावी लागते.

जेनिफर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९३४ रोजी इंग्लंडमधील साउथपोर्ट येथे झाला. वडील जेफ्री केंडल यांचे मूळ आडनाव ब्रॅग होते. आपल्या जन्मगावाचे नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतले. ते आणि त्यांच्या पत्नी लॉरा लिडेल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या मनोरंजनासाठी नाटके घेऊन भारतात आले होते. युद्धानंतर ‘शेक्सपिअराना’ ही स्वतःची मंडळी घेऊन ते परतले. महाविद्यालयांची सभागृहे, मिशनरी शाळा, संस्थानिकांचे वाडे, क्लब असे जिथे बोलावणे येईल तिथे ही मंडळी प्रयोग करीत असे. पेट्या, पोशाख, पडदे आणि मुले घेऊन रेल्वेने गावोगाव हिंडणारे हे बिऱ्हाड मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये, कारण आपल्या संगीत नाटक मंडळ्याही अशाच जगल्या होत्या. उत्पल दत्त यांच्यासारख्या नटाने उमेदीच्या काळात या मंडळीत काम केले. जेनिफर याच वातावरणात वाढल्या आणि मंडळीतल्या प्रमुख अभिनेत्री झाल्या. नाटकाचे शिक्षण त्यांना वेगळे असे घ्यावेच लागले नाही.

१९५६ मध्ये कलकत्त्यात त्यांची शशी कपूर यांच्याशी भेट झाली. शशी तेव्हा वडील पृथ्वीराज कपूर यांच्या ‘पृथ्वी थिएटर्स’मध्ये लहानमोठ्या भूमिका आणि रंगमंचामागची कामे करीत होते. १९४४ मध्ये सुरू झालेली ती मंडळीही फिरतीच होती आणि १९६० मध्ये बंद पडेपर्यंत तिने अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले. म्हणजे भाषा आणि प्रेक्षक वेगळे असले तरी दोघांचे बालपण एकाच प्रकारच्या धकाधकीतून गेले होते. मुलगी मंडळी सोडून जाणार, हे जेफ्री यांना सहजी पचले नाही. तरीही १९५८ मध्ये हे लग्न झाले.

यानंतरचा योगायोग मोठा गमतीचा आहे. निर्माते इस्माईल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांनी केंडल कुटुंबाच्या भ्रमंतीवर बेतलेला ‘शेक्सपिअर वाला’ १९६५ मध्ये पडद्यावर आणला. त्यात मंडळीच्या मालकाच्या मुलीचे एका भारतीय तरुणावर प्रेम बसते, आणि शेवटी तिला इंग्लंडला रवाना केले जाते. तरुण होते शशी कपूर, आईवडील खुद्द जेफ्री आणि लॉरा, तर मुलगी झाली होती जेनिफर यांची धाकटी बहीण फेलिसिटी. प्रत्यक्षात जी मुलगी भारतात राहिली, तिच्या वाट्याला त्या चित्रपटात अतिथिगृह चालवणाऱ्या बाईची छोटीशी भूमिका आली. पुढे फेलिसिटी लंडनला गेल्या आणि तिथल्या रंगभूमीवर व दूरचित्रवाणीवर नामवंत झाल्या. जेनिफर यांनी मुंबईत घर, तीन मुले आणि नटाचा संसार सांभाळला. त्यांच्या कारकिर्दीत दिसणाऱ्या मोठ्या रिकाम्या जागांचे एक कारण मला इथे दिसते.

पडद्यावरची त्यांची पहिली मोठी भूमिका १९७० च्या ‘बॉम्बे टॉकी’मधील इंग्रज लेखिकेची. मग श्याम बेनेगल यांच्या ‘जुनून’मध्ये १८५७ च्या धामधुमीत मुलीला घेऊन एका पठाणाच्या घरात अडकलेली आई त्यांनी उभी केली. आपल्या मुलीवर डोळा ठेवून असलेल्या यजमानाच्याच आश्रयाला राहायचे आणि त्याला नकारही द्यायचा, ही कसरत त्यांनी आवाज न चढवता दाखवली आहे. ‘हीट अँड डस्ट’ आणि सत्यजित राय यांच्या ‘घरे बाइरे’मधील भूमिका लहान आहेत. ‘घरे बाइरे’त त्या नायिकेला इंग्रजी शिकवणाऱ्या मिस गिल्बी आहेत. बहुतेक सर्व भूमिका भारतात राहिलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या, म्हणजे साचा एकच. पण त्या प्रत्येकीचे एकटेपण त्यांनी निराळे ठेवले.

या सर्वांवर कळस म्हणजे अपर्णा सेन दिग्दर्शित आणि शशी कपूर निर्मित ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१). कलकत्त्यातील मुलींच्या शाळेत शेक्सपिअर शिकवणारी, मांजराच्या सोबतीने राहणारी अँग्लो-इंडियन शिक्षिका व्हायोलेट स्टोनहॅम ही भूमिका करताना जेनिफर स्वतः पन्नाशीच्याही आत होत्या. तरी चालण्यातला जडपणा, जिने चढतानाचा दम आणि कुणी दोन गोड शब्द बोलले की चेहऱ्यावर येणारी उतावीळ कृतज्ञता यांतून त्यांनी म्हातारपण साकारले. निव्वळ रंगभूषेने ते साधले नसते. शेवटी फसवली गेलेली व्हायोलेट रस्त्यावरच्या एका कुत्र्याला ‘किंग लिअर’मधल्या ओळी म्हणून दाखवते. शेक्सपिअराच्या ओळी तोंडात घेऊनच वाढलेल्या अभिनेत्रीने त्या इतक्या पुटपुटत, पल्लेदारपणाचा मोह टाळून म्हणाव्यात, याचे मोल नाटकवाल्यांना अधिक कळेल. या भूमिकेसाठी बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनांत कॅथरीन हेपबर्न, डायन कीटन आणि सिसी स्पेसेक यांच्याबरोबर त्यांचे नाव होते. पुरस्कार हेपबर्न यांना मिळाला.

पृथ्वी थिएटरची उभारणी याच वर्षांतली. पृथ्वीराज कपूर यांनी आपल्या मंडळीला हक्काचे घर मिळावे म्हणून जुहूची जागा भाडेपट्ट्याने घेतली होती, पण १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. शशी आणि जेनिफर यांनी १९७५ मध्ये त्यांच्या नावाने न्यास स्थापन केला आणि वास्तुविशारद वेद सेगन यांच्याकडून सुमारे दोनशे आसनांचे, तीन बाजूंनी प्रेक्षक बसतील असे नाट्यगृह बांधून घेतले. नटाचा श्वासही शेवटच्या रांगेत ऐकू जावा इतके ते जवळचे आहे. मिळेल त्या सभागृहाशी जुळवून घेत आयुष्याची सुरुवात केलेल्या बाईंनी दुसऱ्या मंडळ्यांसाठी अशी जागा करून दिली.

‘३६ चौरंगी लेन’ची वाहवा चालू असतानाच, १९८२ मध्ये, त्यांच्या कर्करोगाचे निदान झाले. ७ सप्टेंबर १९८४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या ५० वर्षांच्या होत्या. पुढे त्यांच्या वाढदिवशी, २८ फेब्रुवारीला, पृथ्वीमध्ये झाकिर हुसेन यांचे तबलावादन होऊ लागले आणि ही प्रथा वर्षानुवर्षे चालली. थिएटरची सूत्रे नंतर कन्या संजना यांनी आणि त्यांच्यानंतर पुत्र कुणाल यांनी सांभाळली.