इरले

इरले : (बोलीत इरलं). पावसात डोके व पाठ झाकण्यासाठी अंगावर घ्यावयाचे, कळकाच्या कामट्यांचे व पानांचे आच्छादन. कोल्हापूर जिल्ह्यात ते गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेकडील भाताच्या तालुक्यांतले. पूर्वेच्या कमी पावसाच्या शिरोळकडे त्याची गरज नाही. कोकणात आणि ठाणे-पालघरच्या वारली, कातकरी वस्त्यांतही ते परिचित आहे. मेघालयातील खासी जमातीचे पावसाळी आच्छादन कनुप बांधणीने इरल्याच्या फार जवळचे आहे.

इरल्याची गणना वस्त्रात करावी की बुरूडकामात, याबद्दल मतभेद संभवतो. अमरकोशात (जुन्या संस्कृत शब्दकोशात) वस्त्राची साल, फळ, कृमी व रोम अशी चारच उगमस्थाने दिली आहेत. त्यांत पान नाही. क्षौमही (जवसाच्या धाग्याचे कापड) तेथे सालीच्या वर्गात घातले आहे, त्यामुळे ‘वल्कल’ म्हणजे कुटलेली साल की सालीच्या धाग्याचे विणलेले कापड, हा प्रश्न उरतोच. सह्याद्रीतील चांदकुड्याच्या फांदीची साल कुटून, मोज्यासारखी उलटी सोलून बिनशिवणीच्या पिशव्या करीत. १८३९ मध्ये वनस्पती-अभ्यासक निम्मो यांनी या झाडाला दिलेल्या ‘लेपुरँड्रा सॅकिडोरा’ या नावातल्या ‘सॅकि’चा अर्थही पिशवीच आहे (आजचे नाव अँटिअ‍ॅरिस टॉक्सिकॅरिया). मात्र इरल्याचे मूळ साल कुटण्याच्या त्या परंपरेत शोधणे ओढूनताणून होईल. ते छत्रीसारखे हातात धरले जात नाही, अंगावर घेतले जाते. तेव्हा त्याला पेहराव मानणेच अधिक सयुक्तिक वाटते.

कामट्यांच्या षट्कोनी विणीच्या दोन जाळ्यांमध्ये पळसाची वा सागाची पाने दाबून बसवतात. कौलांप्रमाणे वरचे पान खालच्यावर येते, त्यामुळे पाणी निथळून जाते. आकार उपड्या होडीसारखा, डोक्यापासून कमरेखालपर्यंत. रोपलावणीत माणूस तासन्‌तास ओणवा असतो. पाठ झाकलेली राहून दोन्ही हात मोकळे राहतात. उभ्याने चालताना मात्र वारा त्यात भरतो.

पाने कुजतात, म्हणून जुने नमुने टिकत नाहीत व वस्तूवरून कालनिश्चिती होत नाही. ते बरेच प्राचीन असावे, एवढेच म्हणता येते.

अलीकडे जाळी तीच ठेवून आत पानांऐवजी प्लॅस्टिकचा कागद घालतात. अनेक ठिकाणी जाळीही गेली असून नुसत्या कागदाची खोळ वापरतात.