सौर व हरित वाइननिर्मिती

द्राक्षमळ्यापासून बाटली भरण्यापर्यंत वीज, पाणी, रसायने आणि काच यांचा वापर घटवून, उरलेली ऊर्जेची गरज शक्य तितकी सूर्यापासून भागवण्याची वाइन उत्पादनातील पद्धती. सेंद्रिय द्राक्षशेती ही तिची मळ्यातील बाजू होय. या नोंदीत प्रामुख्याने कारखान्यातील बाजूचा विचार केला आहे.

वाइन कारखान्यातील विजेचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे प्रशीतन (यंत्राने थंड करणे). बहुतेक अभ्यासांत त्याचा वाटा निम्म्याहून अधिक आढळतो. याचे कारण किण्वनात, म्हणजे रस आंबण्याच्या क्रियेत आहे. लिटरमागे सु. २२० ग्रॅ. साखर असलेला द्राक्षरस पूर्ण आंबताना लिटरमागे सु. १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ती काढून न घेतल्यास तापमान जवळजवळ ३०° से.ने चढेल, यीस्ट मरेल आणि किण्वन अर्धवट थांबेल. पांढरी वाइन साधारणतः १२° ते १८° से.ला आंबवतात, तांबडी २५° ते ३०° से.ला, त्यामुळे पांढऱ्या वाइनचा शीतनखर्च जास्त. द्राक्षे रात्री किंवा पहाटे तोडली, तर फळच थंड येते आणि हा भार आरंभीच हलका होतो. टाक्या व नळ्यांना उष्णतारोधक आवरण घालणे आणि ग्लायकॉलचे (टाक्या थंड करण्यासाठी फिरवला जाणारा, सहज न गोठणारा द्रव) तापमान गरजेपेक्षा खाली न ठेवणे हे उपाय स्वस्त, पण दुर्लक्षित आहेत. बाष्पन तापमान (शीतनयंत्रातील शीतक द्रव ज्या तापमानाला उकळतो ते) १° से.ने वाढवल्यास कॉम्प्रेसरची वीज सु. २ ते ४ टक्के वाचते. हे सारे सौर पॅनेल बसवण्यापूर्वी करावे. नाहीतर वाया जाणाऱ्या थंडीसाठीही पॅनेल विकत घ्यावी लागतात.

टार्टारिक अम्लाचे पोटॅशियम लवण बाटलीत स्फटिकरूपाने बसू नये म्हणून पांढरी वाइन −४° से.च्या आसपास एक ते तीन आठवडे ठेवण्याची जुनी रीत आहे. ऊर्जेच्या दृष्टीने ही सर्वांत महाग पायरी. तिला तीन पर्याय आहेत. पहिल्यात ०° से.जवळ थंड केलेल्या वाइनमध्ये त्याच लवणाची बारीक पूड लिटरला सु. ४ ग्रॅ. घालून ती सतत ढवळतात. स्फटिकीकरण काही तासांत उरकते. पूड तळाशी बसू दिली, तर प्रक्रिया अपुरी राहते. दुसऱ्यात विद्युत् अपोहनाने, म्हणजे विजेच्या साहाय्याने पातळ पटलांतून, पोटॅशियमचे आयन काढतात. याला थंडी लागत नाही, मात्र पाणी लागते. तिसरा पर्याय कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज हा स्थिरकारक होय. तो रंगद्रव्यांशी व प्रथिनांशी संयोग पावून वाइन गढूळ करू शकतो, म्हणून तांबड्या वाइनसाठी टाळावा. जिथे पांढरी वाइन मोठ्या प्रमाणात होते, तिथे पूड घालण्याची रीत अधिक व्यवहार्य दिसते.

सौर विजेची मुख्य अडचण वेळेची. कारखान्याची मागणी तोडणीच्या काही आठवड्यांत शिखर गाठते, तर पॅनेल वर्षभर वीज देतात. शिखराच्या मापाने संच उभारला, तर उरलेले महिने वीज सार्वजनिक जाळ्यात (ग्रिडमध्ये) सोडावी लागते. म्हणून वार्षिक वापराच्या हिशोबाने माप ठरवणे बरे. रात्रीच्या शीतनासाठी महागड्या बॅटरीऐवजी थंडीच साठवता येते. १ घन मी. पाणी गोठवले, तर ते वितळताना ९० किलोवॉट-तासांहून थोडी अधिक उष्णता शोषते. दुपारच्या विजेवर बर्फ करून रात्री टाक्या थंड ठेवता येतात. पण अशा बर्फाने −४° से. गाठता येत नाही, त्यासाठी ग्लायकॉलच हवे. पिंपे व टाक्या धुण्याचे गरम पाणी सौर उष्णता संग्राहकांतून ६०° ते ८०° से.पर्यंत मिळू शकते. मळ्यालगतच्या पॅनेलांवर गंधक व बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) यांच्या फवाऱ्याचा थर बसून उत्पादन घटते. फवारणीनंतर ती साध्या पाण्याने धुवावीत.

पाण्यावर तरंगणाऱ्या सौर संचाचा पहिला व्यावसायिक वापर वाइन व्यवसायात झाला, असे सामान्यतः मानतात. कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात फार निएंटे या कारखान्याने सिंचनाच्या तळ्यावर तराफे सोडून त्यांवर पॅनेल बसवली. द्राक्षवेलींची जमीन वाचवणे हा हेतू होता. साल काही ठिकाणी २००७, तर काही ठिकाणी २००८ दिलेले आढळते. उभारणी व कार्यान्वयन यांतील अंतरामुळे हा फरक पडला असावा. २००८ अधिक ग्राह्य वाटते. जपानमधील आयची येथील २००७ चा सु. २० किलोवॉटचा संच संशोधनासाठी होता, त्यामुळे त्याला अग्रमान देणाऱ्यांचे म्हणणे व्यावसायिक वापराच्या दाव्याला बाध आणत नाही.

सांडपाणी आम्लधर्मी व साखर-मद्यार्काने भरलेले असते. थेट नदीत सोडल्यास त्यातील प्राणवायू संपतो. चोथा व गाळ आधीच गाळून वेगळा केला, तर शुद्धीकरणाचा भार खूप कमी होतो. धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरलेले पाणी सिंचनाला दिल्यास सोडियम साचून जमीन चिकट व निचराहीन बनते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड तुलनेने बरे, पण तेही अमर्याद नव्हे.

वाइनच्या एकूण कार्बन भारात काचेच्या बाटलीचा वाटा मोठा असतो. ७५० मिलि.ची बाटली ९०० ग्रॅ.चीही असते आणि ४०० ग्रॅ.च्या आसपासचीही, हा फरक छतावरच्या पॅनेलांनी भरून निघत नाही. यूरोपीय संघाने २०१२ मध्ये सेंद्रिय वाइनचे नियम केले. त्यांनुसार शुष्क (जवळजवळ साखर न उरलेल्या) तांबड्या वाइनमध्ये सल्फर डाय-ऑक्साइड (सल्फाइटरूपाने घातले जाणारे परिरक्षक) लिटरला १०० मिग्रॅ. आणि शुष्क पांढऱ्या वाइनमध्ये १५० मिग्रॅ.पर्यंत चालते. अमेरिकेत ‘सेंद्रिय वाइन’ या नावाखाली सल्फाइट मुळीच घालता येत नाही.